कॅनडाचं नागरिकत्व: अर्ज, शपथ, ओसीआय आणि मधल्या काळात पालटलेली हवा

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडा सरकारने पुढच्या तीन वर्षांचे पीआरचे (कायम राहण्याच्या परवान्याचे) आकडे खाली आणले आणि त्या दिवसापासून माझ्या फोनवर एकच प्रश्न येतोय, ताई आता आमचं काय. पुण्याहून, नाशिकहून, इथल्या टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमधूनसुद्धा. आमचं नागरिकत्व आणि त्यामागचं ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) वगैरे सगळं उरकून आता वर्ष होत आलं, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, आता एकदाच लिहून टाकते म्हणजे प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवायला नको. मी वकील नाही, कन्सल्टंट तर अजिबात नाही. जे आमच्या बाबतीत झालं तेच सांगतेय, फी आणि नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी सरकारी साइट बघाच.

थोडं मागून सुरू करते, कारण पुढचं कळायला ते लागतं. आम्ही एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे वय-शिक्षण-भाषेच्या पॉइंटवर पीआर देणाऱ्या योजनेतून आलो. २०१७ मध्ये कागद जमवायला घेतले तेव्हा मी तेहतीसची होते आणि नवरा पस्तिशीला टेकलेला, त्यामुळे मुख्य अर्जदार मी, कारण तिशीनंतर दर वाढदिवसाला पॉइंट गळायला लागतात. माझं शिक्षण शिवाजी विद्यापीठाचं. मी पुण्यात नोकरीत अडकलेली, म्हणून माझे वडील, आप्पा, सांगलीहून एसटीने कोल्हापूरला जाऊन ट्रान्सक्रिप्टचे सीलबंद लखोटे काढून घेऊन आले, आणि सील फाटू नये म्हणून ते त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवून आणले. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा जनरल पेपर दिला. लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हीत ७ हा आकडा डोक्यात कोरून ठेवा, तिथे पॉइंटची मोठी उडी बसते, अर्धा बँड कमी पडला तर पुन्हा परीक्षा देणं परवडतं. फी तेव्हा माणशी १,०४० डॉलर होती, पोरीची १५०. २०२४ मध्ये मोठ्यांची १,५२५ झाली. शिवाय तिघांसाठी साधारण १९ हजार डॉलर खात्यात पडून आहेत हे दाखवायचं, मेडिकल, पोलीस क्लिअरन्स, असं सगळं.

२०१८ च्या सुरुवातीला कटऑफ (दर ड्रॉला, म्हणजे बोलावण्याच्या फेरीला, लागणारे किमान पॉइंट) ४४० च्या आसपास होता आणि आम्ही त्याच्या जरा वर होतो. त्या वेळी मला वाटलं होतं की आपण मेरिटवर आलो. दहावीच्या बोर्डात नंबर आल्यासारखं थोडं चढलंही होतं. आता सहा वर्षं हे आकडे बघतेय तर कळतं की २०१७ च्या मे महिन्यात कटऑफ ४१३ होता, फेब्रुवारी २०२१ मध्ये एका ड्रॉमध्ये तो चक्क ७५ वर आला (कोविडमध्ये सीमा बंद, बाहेरून कोणी येऊ शकत नाही, आणि सरकारला तर वर्षाचं चार लाखांचं टार्गेट गाठायचंय, मग आत जे होते त्यातल्या २७,३३२ लोकांना एका दिवसात बोलावलं), आणि २०२४ मध्ये तोच ५२० च्या वर. माणसं तीच, डिग्र्या त्याच. फरक फक्त तुमची फाइल कुठल्या महिन्यात टेबलावर आली याचा. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण आत आलेली माणसं हे सगळ्यात आधी विसरतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये आम्ही मुंबईहून फ्रँकफुर्ट करत टोरोंटोला उतरलो आणि मिसिसागात भाड्याने राहायला लागलो. पहिल्या दोन वर्षांचं रडगाणं गात नाही, सगळ्यांचं सारखंच असतं.

नागरिकत्वाचा मुख्य नियम सोपा आहे. अर्जावर सही करायच्या तारखेच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात असायला हवं. हा नियमही मधे बदललेला आहे. आधी चारात तीन वर्षं होती, मग कंझर्व्हेटिव्ह सरकारने सहात चार केली, मग लिबरल सरकारने २०१७ च्या ऑक्टोबरपासून पाचात तीन केली. विद्यार्थी म्हणून किंवा वर्क परमिटवर राहिला असाल तर ते दिवस अर्धे धरतात, जास्तीत जास्त ३६५ पर्यंत. दिवस मोजायला सरकारी ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहे, त्याचीच प्रिंट अर्जाला जोडायची. ज्या दिवशी देश सोडला आणि ज्या दिवशी परत आलात ते दोन्ही दिवस हजेरीत धरतात. पण म्हणून अगदी घासून १,०९५ व्या दिवशी अर्ज टाकू नका, एखादी अमेरिकेची वीकेंड ट्रिप विसरलेली असते आणि तीच नेमकी नडते. आमच्यात कोविडमुळे भारतवाऱ्या झाल्याच नव्हत्या, त्यामुळे दिवस भरपूर होते, तरी आम्ही काही महिने जास्तच थांबलो.

इथे घरात एक मोठी चर्चा झाली ती सांगते, कारण ती बऱ्याच मराठी घरांत होते आणि कोणी उघड बोलत नाही. नवऱ्याने अर्ज करायचा नाही असं ठरवलं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं आपोआप जातं. त्याच्या घरी तासगावकडे द्राक्षाची थोडी जमीन आहे. ओसीआय असलेल्याला वारसाहक्काने शेतजमीन मिळू शकते पण नवीन विकत घेता येत नाही, आणि शेजारचा तुकडा कधी विकायला निघाला तर घ्यायचा हे त्याचं जुनं स्वप्न. शिवाय दोघांपैकी एकाकडे भारताचा पासपोर्ट असावा, अचानक जायची वेळ आली तर, असं तो म्हणाला. मला तेव्हा ते उगाच वाटलं होतं. म्हणजे अर्ज माझा आणि लेकीचा. फी माझी ६३० डॉलर, तिची १००.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही अर्ज कागदावर पाठवला, कारण ऑनलाइन अर्जाची सोय तेव्हा एकट्या मोठ्या माणसापुरती होती, मुलांसकट करायचा तर कागदच. हा गठ्ठा जातो सिडनीला. ऑस्ट्रेलियाचं नव्हे, नोव्हा स्कोशियात पण एक सिडनी आहे, आईला हे पटवायला मला एक पूर्ण रविवार लागला. जोडलेले कागद म्हणजे पासपोर्टच्या झेरॉक्स, पीआर कार्डच्या दोन्ही बाजू, ५० बाय ७० मिलीमीटरचे फोटो, फी भरल्याची प्रिंट, टॅक्सची माहिती (पाचातली तीन वर्षं टॅक्स रिटर्न भरलेलं असलं पाहिजे, ज्यांना भरणं लागू आहे त्यांनी), आणि भाषेचा पुरावा. भाषेसाठी नवीन परीक्षा देऊ नका, पीआरच्या वेळचा आयईएलटीएसचा निकाल मुदत संपलेला असला तरी चालतो, माझा चालला. भाषेची आणि परीक्षेची अट १८ ते ५४ वयालाच आहे, त्यामुळे आईवडील पंचावन्नच्या पुढे असतील तर त्यांना हे नाही. आणि गेल्या चार वर्षांत सलग १८३ दिवस किंवा जास्त दुसऱ्या देशात राहिला असाल तर तिथलं पोलीस सर्टिफिकेट लागू शकतं, ते आधीच मागवून ठेवा.

पाठवलं आणि मग शांतता. काही आठवड्यांनी अर्ज मिळाल्याचं पत्र आलं, त्याला सगळे एओआर म्हणतात, त्यावरचा नंबर टाकून ट्रॅकर बघता येतो. ट्रॅकर ही वाईट सवय आहे. त्यात सहा ओळी असतात, बॅकग्राउंड, प्रेझेन्स, भाषा, परीक्षा वगैरे, आणि प्रत्येकीपुढे 'सुरू नाही' किंवा 'सुरू आहे' किंवा 'पूर्ण'. मी रोज सकाळी चहा ठेवला की उघडायचे. कोविडनंतर सगळीकडेच फायलींचे ढीग होते, दोन वर्षंही लागतायत असं ग्रुपवर लोक सांगत होते, त्यामुळे मनाची तयारी होती, पण तयारी असली तरी मधेच रात्री जाग येऊन आपण सही केली होती ना त्या पानावर असं वाटायचंच. सगळ्या गठ्ठ्याचे स्कॅन करून ठेवले होते म्हणून उठून बघता तरी यायचं. तुम्हीही ठेवा.

त्या उन्हाळ्यात आम्ही हॅलिफॅक्सला गेलो. तिथे बंदरावर पिअर २१ आहे. १९२८ ते १९७१ या काळात जवळजवळ दहा लाख लोक तिथून या देशात शिरले, आता तिथे इमिग्रेशनचं राष्ट्रीय म्युझियम आहे. लेक लाकडी ट्रंका आणि ट्रेनचा डबा बघण्यात रमली. मी एका मोठ्या फिरत्या चाकाच्या शिल्पापाशी थांबले, ते सेंट लुइस जहाजाचं स्मारक. १९३९ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून नऊशेच्या वर ज्यू घेऊन निघालेलं ते जहाज, क्यूबाने नाकारलं, अमेरिकेने नाकारलं, कॅनडानेही नाकारलं. परत गेलेल्यांपैकी २५४ जण पुढे मारले गेले. याची माफी पंतप्रधान ट्रूडोंनी संसदेत मागितली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे आम्ही येऊन तीन महिने झाले होते, आणि मला तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता, मी स्नो टायरच्या किमती शोधत होते.

तिथून परत आल्यावर मी परीक्षेचा अभ्यास म्हणून सरकारी पुस्तिका वाचायला घेतली (फुकट आहे, डाउनलोड करा, ऑडिओ पण आहे) आणि तिच्या बाहेरचंही वाचत सुटले. पुस्तिकेत १८६७ चे चार प्रांत, विमी रिज, मॅग्ना कार्टा, नुनावुट १९९९ मध्ये वेगळा झाला, हे सगळं पाठ करायचं. पण माझं डोकं अडकलं ते दारावरच्या नियमांत. रॉकी पर्वतातून रेल्वे न्यायला हजारो चिनी मजूर लागले, १८८५ मध्ये रेल्वे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी चिनी माणसाला देशात यायला ५० डॉलर डोईपट्टी लावली. ती १९०३ पर्यंत ५०० झाली, आणि १९२३ मध्ये, नेमकं १ जुलैला, म्हणजे कॅनडाच्या वाढदिवशी, चिन्यांना दार जवळजवळ बंदच केलं ते १९४७ पर्यंत. याच काळात, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, प्रेअरीची, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतली, रिकामी शेतं कसायला युक्रेनकडचे शेतकरी जाहिराती देऊन बोलावत होते. १९१३ मध्ये एका वर्षात चार लाखांच्या वर लोक आले. हा विक्रम मोडायला २०२१ उजाडावं लागलं.

आणि आपल्यासाठीचा नियम तर फार हुशारीचा. १९०८ मध्ये असं ठरवलं की आपल्या देशातून सलग, मधे न थांबता प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश. त्यात भारतीय असा शब्द कुठेच नाही. फक्त भारतातून कॅनडाला थेट येणारी बोट नव्हती, बस. गुरदित सिंग यांनी कोमागाता मारू जहाज भाड्याने घेतलं आणि मे १९१४ मध्ये ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आले, दोन महिने त्यांना पाण्यातच ठेवलं, मोजके सोडले तर कोणालाच उतरू दिलं नाही, आणि परत कलकत्त्याजवळ बजबजला पोचल्यावर त्यांच्यावर गोळीबार झाला. आमचं विमान फ्रँकफुर्टला थांबून आलेलं. त्या नियमाने आम्हीही गेलो असतो परत.

पुढे १९५१ मध्ये भारताला वर्षाला १५० माणसांचा कोटा मिळाला. अख्ख्या देशाला, वर्षाला. आमच्या एका विमानात त्याहून जास्त लोक होते. १९६२ मध्ये एलन फेअरक्लो या मंत्रीबाईंनी वंशावर आधारलेले नियम बहुतेक काढून टाकले आणि १९६७ मध्ये पॉइंट सिस्टिम आली, शिक्षण, वय, भाषा, हुन्नर याला मार्क. आज ज्या सीआरएससाठी (एक्सप्रेस एंट्रीच्या स्कोअरसाठी) आपण आयईएलटीएसचा अर्धा बँड मोजतो त्याची आजी ती. हे वाचताना पहिल्यांदा जाणवलं की मी ज्याला मेरिट म्हणत होते तो भाग सगळ्यात शेवटी आलाय, त्याच्या आधी देशाला हात हवेत की नकोत हा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर कधीच अर्जदाराच्या हातात नसतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये परीक्षेची ईमेल आली. दिलेल्या मुदतीत आपल्या सोयीने कधीही ऑनलाइन देता येते, कॅमेरा चालू ठेवायचा, ओळखपत्र दाखवायचं. २० प्रश्न, १५ बरोबर आले की पास. स्पॅम फोल्डर बघत राहा, बऱ्याच जणांची ईमेल तिथे सापडते. लॅपटॉपवर दुसरं काही उघडू नका, खोलीत कोणी येऊ देऊ नका, आणि मागे भिंत मोकळी ठेवा, आमच्याकडे गणपतीचं कॅलेंडर होतं ते मी उगाचच काढून ठेवलं. परीक्षा अवघड नाही. पुस्तिका दोनदा नीट वाचली आणि सराव प्रश्न सोडवले तर होते. पास झाल्याचं लगेच कळलं. लेकीला लहान म्हणून काहीच नव्हतं, ती म्हणाली मला का नाही, मला सगळे प्रांत येतात.

त्याच महिन्यात सरकारने नवे आकडे जाहीर केले होते, २०२५ पर्यंत वर्षाला पाच लाख पीआर. ऑफिसात कोणी भुवई उंचावल्याचंही मला आठवत नाही. मग २०२३ उजाडलं. भाडी अशी चढली की आमच्या बिल्डिंगमध्ये आमच्याच आकाराचं रिकामं घर आम्ही भरत होतो त्याच्या जवळजवळ दीडपटीने गेलं. फॅमिली डॉक्टर मिळेना. ब्रॅम्प्टनला एका बेसमेंटमध्ये गाद्या टाकून पोरं राहतायत हे आम्ही स्वतः बघितलं, डबा पोचवायला गेलो होतो तेव्हा. कॉलेजांनी परदेशी पोरं इतकी का भरली याचंही कारण आहे, ओंटारियो सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्के कमी करून तिथेच गोठवली, अनुदान वाढवलं नाही, मग कॉलेजांनी पंजाब, गुजरात, महाराष्ट्रातल्या पोरांच्या तिप्पट-चौपट फीवर खर्च भागवला. पोरांच्या आईबापांनी जमिनी गहाण टाकून ती फी भरली. पण कामाच्या ठिकाणी, बसमध्ये, राग निघायला लागला तो त्या पोरांवर. १६ जून २०२३ ला देशाची लोकसंख्या चार कोटी झाली, बातम्यांत केक वगैरे कापले, आणि त्याच बातमीखाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी लेकीला वाचू दिलं नाही.

जुलै २०२३ मध्ये शपथेचं बोलावणं आलं. झूमवर. त्या वर्षी याच्यावरही वाद चालू होता, फेब्रुवारीत सरकारने असा प्रस्ताव आणला होता की समारंभ नको असेल त्यांनी वेबसाइटवर एक क्लिक करून शपथ घ्यावी, वाट बघण्याचा काळ कमी होईल. माजी गव्हर्नर जनरल एड्रियन क्लार्कसन, ज्या स्वतः १९४२ मध्ये हाँगकाँगहून निर्वासित म्हणून आल्या होत्या, त्यांनी याला कडाडून विरोध केला. मला आधी वाटलं होतं काय फरक पडतो, क्लिक तर क्लिक. पण झूमवरसुद्धा जे झालं ते क्लिकपेक्षा बरंच काही होतं.

आधी एकेकाला वेगळ्या रूममध्ये घेऊन कागद तपासतात. मूळ कागद, पीआर कार्ड आणि कात्री जवळ ठेवा. कात्री म्हणजे खरोखरची कात्री, अधिकारी कॅमेऱ्यासमोर पीआर कार्ड कापायला सांगतात. ज्या कार्डासाठी इतकी वर्षं घालवली ते कापताना माझा हात अडखळला हे खरं. मग न्यायाधीश बाई आल्या, त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की ही जमीन कोणाची आहे, आम्ही राहतो तो मिसिसागाचा भाग मिसिसागाज ऑफ द क्रेडिट या फर्स्ट नेशनच्या (मूळ रहिवाशांच्या समाजाच्या) करारातला. २०२१ पासून शपथेतच मूळ रहिवाशांचे हक्क आणि करार मानण्याचं वाक्य आहे. नवागतांचा देश वगैरे आपण सहज म्हणतो, पण स्क्रीनवर इतक्या देशांची माणसं एका सुरात ते वाक्य म्हणत होती तेव्हा लक्षात आलं की आधीपासून इथे असलेल्यांना कोणी फॉर्म भरून परवानगी मागितली नव्हती.

शपथ इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत, न्यायाधीश म्हणतात त्यांच्या मागून म्हणायची. राजे चार्ल्स तिसरे आणि त्यांचे वारस यांच्याशी निष्ठा. माझे आजोबा कुंडलचे, प्रतिसरकारच्या काळात पोरगेले होते आणि नाना पाटलांच्या माणसांच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे पोचवायचे असं घरात सांगतात. रात्री फोनवर आप्पा म्हणाले, "बरं झालं म्हातारा नाही, तुझं नाव रेशनकार्डातून काढलं असतं त्यानं." आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले. ज्यांना राजाचं खटकतं त्यांच्यासाठी सांगते, यावर कोर्टात केस झालीये, ओंटारियोच्या अपील कोर्टाने २०१४ मध्ये शपथ कायम ठेवली, पण शपथ घेतल्यावर राजाबद्दलचं आपलं मत जाहीरपणे मांडायला तुम्ही मोकळे आहात असंही म्हटलं.

यानंतरचा भाग नीट वाचा, कारण सगळे शपथेपर्यंतच लिहितात आणि खरी घाई पुढे असते. शपथ घेतल्या क्षणापासून भारताचा पासपोर्ट वापरायचा नाही, व्हिसा-बिसा काही शिल्लक असलं तरी. क्रम असा आहे, आधी नागरिकत्वाचं सर्टिफिकेट (हल्ली ई-सर्टिफिकेट घेता येतं, ते लवकर येतं), मग कॅनडाचा पासपोर्ट (२०२३ मध्ये दहा वर्षांचा मला १६० डॉलरला पडला, लेकीचा पाच वर्षांचा ५७ ला, तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखणारा कॅनडाचा नागरिक गॅरंटर म्हणून लागतो), मग भारताचा पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, आणि ते हातात आल्यावर ओसीआय. ओसीआयची सरकारी फी २७५ अमेरिकन डॉलरच्या बरोबरीची, वर एजन्सीचा चार्ज. फोटो चौकोनी, दोन बाय दोन इंच, म्हणजे कॅनडाचे उरलेले फोटो उपयोगाचे नाहीत. मुलांसाठी जन्मदाखला, दोन्ही पालकांचे पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट, हे सगळं शपथेच्या आधीच फाइलला लावून ठेवा.

आमचे कॅनडाचे पासपोर्ट ऑगस्टमध्ये आले, त्याच महिन्याच्या शेवटी सरेंडरला दिलं. १८ सप्टेंबरला ट्रूडो संसदेत निज्जर प्रकरणावर (खलिस्तानवादी निज्जरच्या कॅनडातल्या हत्येमागे भारताचा हात असल्याचा आरोप) बोलले आणि २१ तारखेला भारताने कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबवले. ओसीआय असलेल्यांना अडचण नव्हती. मी मात्र बरोबर मधे होते. भारताचा पासपोर्ट गेलेला, ओसीआयचा अर्जही अजून गेलेला नाही, आणि व्हिसा बंद. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आप्पा अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला ऑपरेशन. माझ्या हातात दोन पासपोर्ट येऊन गेले होते आणि एकावरही मला मिरजेला जाता येत नव्हतं. नवरा दुसऱ्या दिवशी निघाला. त्याला कोणीही काहीही विचारलं नाही. मी आणि लेक इथून व्हिडिओ कॉलवर.

मी चिडले होते, दोन्ही सरकारांवर, आणि थोडी नवऱ्यावरही कारण त्याचं बरोबर निघालं. २६ ऑक्टोबरला एंट्री व्हिसा वगैरे काही प्रकार पुन्हा सुरू झाले, पण तोवर माझं सरेंडर सर्टिफिकेट येऊन ओसीआयचा अर्ज गेला होता म्हणून मी तीच वाट धरली. डिसेंबरच्या मध्यावर दोघींची कार्डं आली आणि नाताळच्या महागड्या तिकिटांवर आम्ही सांगलीला पोचलो, आप्पा वॉकर घेऊन दारात. त्यामुळे माझा सल्ला असा की घरी वय झालेली माणसं असतील तर शपथेच्या आधी एकदा भारतात जाऊन या आणि पुढचे चार-पाच महिने जाता येणार नाही असं धरून चाला. आणि नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी अर्ज करायचा का, हे शांतपणे बोला. ओसीआयवर मुलांचं एक लक्षात ठेवा, वीस वर्षांची होईपर्यंत दर नव्या पासपोर्टला फोटो आणि पासपोर्टची प्रत ऑनलाइन अपलोड करायची असते.

आता ज्यासाठी सगळे विचारतायत ते. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या परमिटवर कॅप आली, त्या आधी १ तारखेपासून खात्यात दाखवायची रक्कम १० हजारांवरून २०,६३५ डॉलर झाली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेले पीआरचे आकडे, पाच लाखांचं स्वप्न होतं त्या २०२५ साठी ३,९५,०००, मग ३,८०,०००, मग ३,६५,०००. आमच्या मराठी ग्रुपवर याचं स्वागत झालं. बरं झालं, फार गर्दी झाली होती, क्वालिटी राहिली नव्हती, असं लिहिणाऱ्यांत २०१९ मध्ये आलेले आहेत, फेब्रुवारी २०२१ च्या त्या ७५ पॉइंटवाल्या ड्रॉमध्ये पीआर मिळालेले एक काकाही आहेत. घरं कमी आहेत हे खरंय, आकडे आवरायला हवे होते हेही मला पटतं, पॉलिसी म्हणून मी याच्या विरोधात नाही. पण क्वालिटी हा शब्द वाचून मी ग्रुप म्यूट केला.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा किचनरजवळ असतो, जानेवारी २०२२ मध्ये दोन वर्षांच्या डिप्लोमाला आला, आता तीन वर्षांचं वर्क परमिट आहे, वेअरहाउसमध्ये सुपरवायझर झालाय. त्याचा स्कोअर आमच्या वेळच्या कटऑफपेक्षा चांगला वीस-पंचवीसने जास्त आहे आणि आज तो कुठल्याच जनरल ड्रॉच्या जवळपास नाही. मी त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. परमिट संपायची तारीख कॅलेंडरवर लिही, प्रांतांच्या नॉमिनेशनच्या (प्रांत स्वतः पीआरसाठी नावं सुचवतात त्या) याद्या दर महिन्याला बघ, पैसे मागणाऱ्या एजंटकडून नोकरीचं खोटं पत्र अजिबात घेऊ नकोस कारण पकडलं गेलं तर पाच वर्षांची बंदी येते, आणि फ्रेंच शीक. फ्रेंचवाल्यांच्या ड्रॉचे कटऑफ २०२४ मध्ये चारशेच्या खाली गेले होते. तो आधी हसला, मावशी मी वारणानगरचा, फ्रेंच कुठून आणू. आता शिफ्ट संपली की रात्री ऑनलाइन क्लासला बसतो आणि मार्चमध्ये टेफ ही फ्रेंचची परीक्षा द्यायची म्हणतोय. परीक्षेच्या तारखा लवकर भरतात, ज्यांना द्यायचीय त्यांनी आत्ताच बघा.